जुन्या मोटारीची निवड : बेताच्या पैशांत हौस भागवूं इच्छिणाऱ्यांसाठीं

जुन्या वस्तूंची ओढ हा सुशिक्षित मनाचा एक जुनाच छंद आहे. कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी हस्तलिखितें, तर कोणी पणजीच्या काळची पितळी समई घांसून-पुसून दिवाणखान्यांत मांडतो. या छंदांत अलीकडे एका अवजड व खर्चिक वस्तूची भर पडली आहे; ती म्हणजे जुनी मोटारगाडी. ज्या पिढीनें फियाटसाठीं वा अँबॅसडरसाठीं नांव नोंदवून वर्षेंच्या वर्षें वाट पाहिली, तिचीं मुलें आज पोक्त झालीं आहेत. त्यांच्या हातीं चार पैसे शिल्लक राहूं लागले आहेत. आणि ज्या गाडीच्या मागच्या आसनावर चौघां भावंडांनीं दाटीवाटीनें बसून आजोळ गांठलें, तशी गाडी आपल्या दारीं पुन्हा उभी असावी, असें त्यांस वाटूं लागलें आहे. ही इच्छा निंद्य तर नाहींच. उलट तींत एक प्रकारची कृतज्ञता आहे.

परंतु इच्छा आणि सिद्धि यांमधील अंतर या व्यवहारांत फार मोठें आहे. शहरांतील जुन्या गॅरेजांच्या मागच्या आवारांत डोकावून पाहिल्यास अर्धवट सोललेल्या, इंजिन काढून ठेवलेल्या, दारें भिंतीशीं टेकवून ठेवलेल्या गाड्या दृष्टीस पडतात. त्यांच्या मालकांना उत्साह नव्हता असें नाहीं, कीं त्यांचे मिस्त्री अडाणी होते असेंहि नाहीं. बहुधा एकच गोष्ट घडलेली असते : गाडी आधीं पसंत केली, हिशेब मागाहून मांडला, आणि काम निम्म्यावर आलें तेव्हां थैली रिकामी झाली. अशा गाडीची गति हात न लावलेल्या गाडीहून वाईट होते. ताडपत्रीखालीं अखंड उभी असलेली गाडी आणखी दहा वर्षें एखाद्या जाणत्या माणसाची वाट पाहूं शकते. पण एकदां तिचे भाग चार दुकानांत विखुरले, कीं गाडी उरत नाहीं, भंगार उरतें. म्हणजे चुकीच्या निवडीनें दुहेरी नुकसान होतें. कुटुंबाची शिल्लक जाते, आणि वांचूं शकली असती अशी एक गाडीहि जाते. हें टाळण्याचा उपाय दुरुस्तीच्या कौशल्यांत नसून निवडीच्या विवेकांत आहे, हेंच येथें सांगावयाचें आहे.

पैसा कोठें खर्ची पडतो?

मोटारीचा प्राण इंजिनांत. तेव्हां इंजिन चालूं असलेली गाडी ती चांगली गाडी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जुन्या गाडीच्या बाबतींत ती जवळजवळ उलटी करून घ्यावी लागते. फियाटचें १०८९ सी. सी.चें किंवा अँबॅसडरचें १४८९ सी. सी.चें इंजिन हें आजच्या मानानें अगदीं साधें यंत्र आहे. चार सिलिंडर, एक कार्बुरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर. यांत संगणक नाहीं, कीं कुलूपबंद रहस्य नाहीं. सिलिंडर झिजले असतील तर ते बोअर करून घ्यावे, मापाहून किंचित् मोठे पिस्टन व नव्या रिंगा बसवाव्या, क्रँक घांसून घ्यावा, बेअरिंगें बदलावीं. हें काम तालुक्याच्या गांवींहि होऊं शकतें, आणि विशेष म्हणजे त्याचा खर्च कामास हात घालण्यापूर्वीं बराचसा कागदावर मांडतां येतो.

पत्र्याचें तसें नाहीं. फियाट काय किंवा अँबॅसडर काय, या गाड्यांना ट्रकप्रमाणें निराळी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दारांखालच्या उंबऱ्यांच्या पोकळ पेट्या, खांब व छत हे सर्व एकमेकांस जोडूनच गाडीचा सांगाडा बनतो. तेव्हां उंबरा गंजला म्हणजे केवळ शोभा गेली असें नव्हे. गाडीचें हाडच पोखरलें गेलें. लोखंडाला पाणी व हवेंतील प्राणवायु एकत्र मिळाले कीं गंज धरतो. पाण्यांत मीठ असल्यास तो अधिक वेगानें पसरतो. आणि गंजाचें आकारमान मूळ धातूहून मोठें असल्यामुळें तो रंगाला खालून उचलतो. वरून रुपयाएवढा दिसणारा फोड खरवडून पाहावा, तर खालीं तळहाताएवढें भोंक निघतें. डेंटरनें पत्रा कापावयास सुरुवात केल्यावरच नुकसानीचा खरा आंकडा कळतो, आणि तोंपर्यंत माघार घेण्याची वेळ टळून गेलेली असते.

म्हणूनच मालवणच्या किनाऱ्यावर पंचवीस पावसाळे उघड्यावर काढलेल्या, पण इंजिन गुरगुरणाऱ्या गाडीपेक्षां सोलापूर, लातूर वा अकोल्याच्या कोरड्या हवेंत रंग विटून गेलेली, इंजिन बंद पडलेली गाडी पुष्कळ बरी. बंद इंजिन पाहून हौशी गिऱ्हाईक पाठ फिरवितें, किंमत उतरते, आणि दोष मात्र हिशेबांत बसणारा असतो. बेताच्या पैशाच्या माणसास यासारखी संधि नाहीं.

पत्र्याच्या खालोखाल खर्च होतो तो उणिवांवर. समोरची जाळी, दिव्यांच्या कांचा, दारांच्या मुठी, खिडकीची यंत्रणा, वेगदर्शक घड्याळ, मागची वांकलेली कांच : यांतील एकेक वस्तु क्षुल्लक वाटते, पण ती कोणी नव्यानें बनवीत नसेल तर तिच्या शोधांत महिने जातात व विकणारा मागेल तो दाम मोजावा लागतो. यासाठीं कुरूप पण संपूर्ण गाडी ही देखण्या पण अपुऱ्या गाडीहून नेहमींच श्रेयस्कर होय.

शंभर रुपयांची वांटणी

हातीं असलेली एकूण रक्कम कितीहि असो, ती शंभर रुपये आहे असें मानावें आणि पुढीलप्रमाणें विभागावी. गाडीची खरेदी, ती घरीं आणणें व कागदपत्रें यांस ३५ रुपये. पत्रा व रंग यांस २५. इंजिन, ब्रेक, वायरिंग, टायर व गादीकाम यांस २०. आणि उरलेले २० रुपये अडीअडचणीसाठीं शिल्लक. ही वांटणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. परंतु तिच्यांतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, खरेदीचा वांटा बराच मोठा ठेवला आहे. दुसरी ही कीं, पांचवा हिस्सा कोणत्याहि कामास नेमून दिलेला नाहीं.

खरेदीस अधिक कां, असें कोणी विचारील. समजा, एक गाडी साठ हजारांस मिळते. तिचा तळ गंजला आहे, दोन कांचा नाहींत, एक मडगार्ड दुसऱ्याच गाडीचें आहे. दुसरी सव्वा लाखास मिळते. तिचा तळ शाबूत आहे आणि सर्व वस्तु जागच्या जागीं आहेत. साठ हजारांची गाडी घेणारास आपण पासष्ट हजार वांचविले असें वाटतें. प्रत्यक्षांत तो डेंटरच्या मजुरीचे दिवस मोजूं लागला, कीं ते पासष्ट हजार रंगाचा हात फिरण्यापूर्वींच संपतात, आणि एवढें होऊनहि त्याची गाडी दुसरीच्या बरोबरीस येत नाहीं. पत्रा वांचविण्यासाठीं आज दिलेला पैसा हा उद्यांच्या अनिश्चित खर्चाचा विमा होय.

आणखी एक गोष्ट घरांतील सर्वांदेखत बोलून घ्यावी. सामान्य जुन्या गाडीवर होणारा खर्च विक्रीच्या वेळीं पूर्ण वसूल होईलच असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं. ही गुंतवणूक नव्हे, हौस आहे. हौसेचा पैसा मुलांच्या शिक्षणाच्या वा आजारपणाच्या शिलकींतून काढूं नये. आणि खर्चाची वही गृहिणीपासून लपवूं तर मुळींच नये. ज्या घरांत ती वही दोघांनीं मिळून लिहिली जाते, तेथें काम थांबविण्याची योग्य वेळहि दोघांना एकदमच दिसते.

परीक्षा कशी करावी?

गाडी पाहावयास दिवसा उजेडीं जावें. शक्य असल्यास पाऊस पडून गेल्यावर जावें. बरोबर एक टॉर्च, एक स्क्रू-ड्रायव्हर, फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक आणि जमिनीवर अंथरावयास जुनी सतरंजी असावी. ज्याला सतरंजीवर आडवें पडून गाडीच्या पोटाकडे पाहण्याचा संकोच वाटतो, त्यानें गाडी घेऊंच नये.

चुंबक दारांच्या खालच्या कडांवर, चाकांवरील कमानींवर व उंबऱ्यांवर फिरवावें. जेथें तें धरत नाहीं तेथें पत्रा नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. आंतील जाजम उचलून तळ पाहावा; डिकींतील जादा चाक बाजूस करून त्याखालील पत्रा पाहावा; बॅटरीखालील तबक पाहावें, कारण आम्लानें तें हमखास खाल्लेलें असतें. मागच्या कमानपाट्यांचीं टोकें जेथें सांगाड्यास बांधलीं आहेत ती जागा सर्वांत महत्त्वाची. तेथें स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानें पत्रा भुसभुशीत लागला, तर नमस्कार करून परत फिरावें. चारहि दारें उघडून लावून पाहावीं. दार उघडतांच खालीं कलत असेल, किंवा दाराभोंवतालच्या फटी वर अरुंद व खालीं रुंद असतील, तर बिजागरी झिजली आहे किंवा सांगाडा वांकला आहे.

इंजिन चालूं स्थितींत असेल तर तें आपण जाईपर्यंत थंड राहूं द्यावें, असें विकणाऱ्यास आधींच सांगावें. गरम इंजिन पुष्कळ दोष झांकतें. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. गरम झाल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल, आणि तेलाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस ताकावरच्या फेंसासारखा थर दिसत असेल, तर तेलांत पाणी मिसळत आहे असा संशय घ्यावा. यांपैकीं कोणताहि दोष गाडी नाकारण्यास पुरेसा नाहीं. मात्र प्रत्येक दोषाची किंमत वहींत मांडून ती सौद्यांतून वजा करावी.

कोणती गाडी घ्यावी?

दुर्मिळ गाडीचा मोह मोठा असतो. परंतु मर्यादित पैशाच्या माणसानें जी गाडी लाखोंनीं धांवली तीच घ्यावी. कारण जी पुष्कळ होती तिचे भाग पुष्कळ आहेत, आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीहि आहेत.

आपल्या प्रांतांत हा मान फियाटचा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होत असे. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नांवानें आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नांवानें ती पुढें अनेक वर्षें निघत राहिली. स्टिअरिंगच्या दांड्याशीं असलेला गिअर, बसकें आटोपशीर अंग आणि अरुंद गल्लींतहि सहज वळणारी चाल यांमुळें ती मध्यमवर्गीय घरांची व मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची सारखीच लाडकी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड, पुण्याची नाना पेठ अशा बाजारांत हिचे भाग शोधतां येतात. पण टॅक्सींचा ओघ आटल्यामुळें हा सांठा पुढें वाढणार नाहीं, हें ओळखून कांचा व जाळी असलेलीच गाडी निवडावी. टॅक्सी म्हणून राबलेली, सी. एन. जी.ची टाकी बसविण्यासाठीं डिकीचा तळ भोंकसलेली गाडी शक्यतों टाळावी. पन्नासच्या दशकांतील आरंभींची, पुढचीं दारें उलट्या बाजूस उघडणारी ‘डुक्कर फियाट’ फार मोहक आहे. पण तिचे बाहेरचे भाग पद्मिनीला लागणाऱ्या भागांहून निराळे असल्यानें ती पहिल्या प्रयोगाची गाडी नव्हे.

दुसरी अँबॅसडर. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही गाडी बंगालमधील उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्सनें १९५८ पासून २०१४ पर्यंत काढली. मूळ इंग्रजी गाडीचे शिल्पकार अ‍ॅलेक इसिगोनिस. त्यांनीं पुढें ‘मिनी’ ही जगप्रसिद्ध छोटी मोटार घडविली. अर्धशतकाहून अधिक काळ बाह्यरूप फारसें न बदलल्यामुळें अलीकडच्या गाडीचे बरेच भाग जुन्या गाडीस बसवितां येतात. समोरची जाळी मात्र मार्कागणिक निराळी. पत्रा जाड, बैठक प्रशस्त, आणि सरकारी कचेऱ्यांतून सुटलेल्या गाड्या पुष्कळ. दोष एवढाच कीं, ती जागा फार व्यापते. आणि डिझेल इंजिन बसवून फिरविलेल्या गाड्या इतक्या आहेत कीं मूळ पेट्रोल इंजिनाची गाडी निवडतांना नोंदपुस्तक नीट पाहावें लागतें.

तिसरी स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनें १९६१ पासून ती भारतांत आणली. रूप इटालियन शिल्पी जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचें. हिला निराळी चेसिस आहे, आणि शरीराचे भाग बोल्टांनीं जोडलेले असल्यामुळें ते सुटे करतां येतात. पुढचें नाक मडगार्डांसकट सबंध उलगडतें, म्हणून इंजिनाजवळ बसून शिकण्यास हिच्यासारखी गाडी नाहीं. ज्याला स्वतःच्या हातानें काम करावयाचें आहे त्यानें हिचा विचार अवश्य करावा. पण फियाटच्या मानानें ही थोडकीच निघाली, तेव्हां भागांसाठीं चेन्नईच्या पुदुपेट बाजारापर्यंत शोध घेण्याची तयारी हवी.

कागद आधीं, गाडी मागाहून

पत्रा दुरुस्त होतो. हरवलेली मालकी दुरुस्त होणें त्याहून कठीण. नोंदपुस्तकांतील इंजिन व चेसिसचे आंकडे प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या आंकड्यांशीं स्वतः ताडून पाहावे. कर्जाचा बोजा फिटला आहे कीं नाहीं, कर थकला आहे काय, परराज्यांतील गाडी असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला मिळतो काय, हें सर्व विसार देण्यापूर्वीं पाहावें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करून घ्यावी लागते. संगणकपूर्व काळांतील गाडीची नोंद सरकारी ऑनलाइन दप्तरांत चढलेली नसेल, तर ती चढविणें हेंच पहिलें काम समजावें.

केंद्र सरकारनें २०२१ सालीं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या खासगी दुचाकी व मोटारींसाठीं ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग केला. नव्यानें नोंदविलेल्या अशा गाडीस ‘व्ही ए’ अक्षरें असलेला क्रमांक मिळतो, त्यासाठीं २०,००० रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी दहा वर्षें चालते. आधींच नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखतां येतो. मात्र चेसिस, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी या वर्गांत बसत नाहीं, आणि अशी गाडी रोजच्या वाहतुकीसाठीं वापरतां येत नाहीं. तेव्हां गाडी मिरविण्यापुरती हवी कीं मंडईंत जाण्यासाठीं हवी, याचा निश्चय निवडीआधींच झाला पाहिजे. ऐंशीच्या दशकांतील पद्मिनी साध्या नोंदणीवर ठेवून वापरणें हें पुष्कळांच्या सोयीचें ठरेल.

घरचीच गाडी असेल तर?

पुष्कळ घरांत हा प्रश्न बाजारांतून येत नाहीं; तो वाड्याच्या आवारांत ताडपत्रीखालीं उभाच असतो. आजोबांची गाडी आहे, विकवत नाहीं आणि पाहवतहि नाहीं. अशा गाडीस खरेदीची किंमत पडत नाहीं, पण परीक्षेंत सवलत देऊं नये. वरील सर्व कसोट्या तिलाहि लावाव्या. कागद अद्यापि आजोबांच्याच नांवावर असतील तर प्रथम सर्व वारसांची संमति घ्यावी व मृत्यूनंतरच्या हस्तांतरणाचा ३१ क्रमांकाचा अर्ज भरून गाडी एकाच्या नांवावर करावी. गाडी चकाकूं लागल्यावर हक्क आठवणारे आप्त कोणत्या कुळांत नसतात?

परीक्षेअंतीं सांगाडाच गेलेला आढळला, तर काय करावें? बेताच्या पैशाच्या माणसानें तेथें थांबावें, हें उत्तर कठोर पण हितकर आहे. अशी गाडी रीतसर निकालीं काढून तिचें स्टिअरिंग वा जाळी आठवण म्हणून ठेवतां येते. आणि तिचे चांगले भाग दुसऱ्या एखाद्या गाडीस जगवितात. श्राद्धाच्या भावनेनें हातीं घेतलेलें काम कर्जांत संपूं नये. उलट तळ शाबूत निघाला, तर या गाडीइतकी चांगली निवड बाजारांत मिळणार नाहीं. कारण तिचा सारा इतिहास घरच्यांना तोंडपाठ असतो.

आरंभ कसा करावा?

गाडी घरीं आणण्यापूर्वीं तिला छप्पर असावें. छप्पर नसेल तर गाडीहि नसावी. काम सुरू करतांना प्रथम ब्रेक, मग पेट्रोलचा मार्ग, मग वायरिंग, मग इंजिन, आणि रंग सर्वांच्या शेवटीं, असा क्रम ठेवावा. सबंध गाडी एकदम खोलूं नये. एक भाग पुरा झाल्यावर दुसऱ्यास हात घालावा, म्हणजे पैसा अकस्मात् संपला तरी गाडी गाडीच राहते. काढलेला प्रत्येक स्क्रू चिठ्ठी लावलेल्या पिशवींत ठेवावा. शिसेरहित पेट्रोल देशभर २००० सालीं आलें, आणि आतां त्यांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबरी नळ्या व पडदे खातें आणि हवेंतील ओल शोषतें. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आरंभींच बसवाव्या व टाकींत महिनेन् महिने पेट्रोल सांठवूं नये.

गाडी निवडतांना जो माणूस तीनदां ‘नाहीं’ म्हणूं शकतो, त्याचें चौथें ‘होय’ बहुधा तडीस जातें. घाई करण्याचें कारण नाहीं. जी गाडी पन्नास वर्षें टिकली, ती योग्य मालकासाठीं आणखी सहा महिने थांबेल. आणि तेवढ्या काळांत वहींतील आंकडे, घरच्यांचें मत व स्वतःचा उत्साह हे तिन्ही एका रेषेंत येतात कीं नाहीं, हेंहि आपोआप कळून येईल.